कुंभार आळीचा भोंगा

२०६१ साल होतं. विजेच्या टंचाईमुळे नगरपालिका तेव्हा गावाला आळीआळीने झोपवायची. टाकीवरचा भोंगा वाजला की ती आळी चार तास गाढ झोपायची आणि तिची वीज दुसऱ्या आळीला मिळायची.

त्या दुपारी कुंभार आळीची वेळ भरत आली होती. भोंगा वाजवणाऱ्या दिगंबरला तिथल्या मालननर्सचा फोन आला.

"दिगूभाऊ, भोंगा थांबवा. रेवतीचं बाळ अडलंय. आम्हीच झोपलो तर सोडवायचं कुणी?"

"ताई, त्याला सभेचा ठराव लागतो."

"मग बाळाला सांगते, सभा होईपर्यंत थांब म्हणून."

दिगंबरने बटणावरचा हात मागे घेतला. साहेबांचा फोन वाजत राहिला, तो त्याने उचलला नाही. अखेर मालनच्या फोनमधून रडणं ऐकू आलं. "नाळ कापली ना?" एवढं विचारून त्याने बटण दाबलं.

दिगंबर निलंबित झाला. पुढे सभेने ठराव केला, की बाळंतपण असेल तर भोंगा थांबवावा. मालन म्हातारपणापर्यंत बाळंतपणं करत राहिली. रेवतीची मुलगी आता भोंगा नसलेल्या गावी नांदते आहे.

ठराव मात्र जन्मापुरताच होता. दिगंबरची आई गेली तेव्हा भोंगा वाजून गेला होता, आणि तिचा हात धरून बसलेला दिगंबर गाढ झोपलेला होता.