हलू नका

“दीड मिनिट,” साहेब म्हणाले. “एक सेकंद कमी करायचा नाही.”

फोटोवालीने काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं. भर दुपार होती. अशा लख्ख उन्हात फोटो पापणी लवायच्या आत निघतो. दीड मिनिट लेन्स उघडी ठेवायची तर तिच्यापुढे गडद काळी काच लावावी लागते, आणि ती काच साहेबांनी स्वतः खिशातून आणली होती. म्हणजे माणूस पुरत्या तयारीनिशी आला होता.

काच कशासाठी, हे तिला सांगायची गरज नव्हती. लेन्स इतका वेळ उघडी राहिली की भिंती, दारं, खांब सगळं उमटतं. चालणारी माणसं मात्र उमटत नाहीत. क्षणभर इथे, क्षणभर तिथे, फिल्मवर त्यांचा मागमूस राहत नाही. वर्तमानपत्रात असताना भरलेल्या चौकाचा ओसाड फोटो तिने असाच काढला होता. पण ती गंमत होती.

ही पत्रेवाल्यांची गल्ली. पेट्या, डबे आणि नरसाळी ठोकणारी चाळीस घरं. पालिकेच्या या साहेबांना ती कागदोपत्री ओस पडलेली हवी होती. गल्ली ओस ठरली की पाडताना कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणाला दुसरं घर द्यावं लागत नाही. पुराव्याला फक्त मोठ्या फिल्मवरचा फोटो चालेल, असा कार्यालयाचा जुना नियम होता, कारण त्यात खाडाखोड लगेच पकडली जाते. तसा कॅमेरा शहरात आता हिच्याकडेच उरला होता. प्रेसवाल्यांचा, जुना, पोस्टकार्डाएवढी फिल्म खाणारा. बरोबरचे लोक त्याला म्हैस म्हणायचे. वर्तमानपत्र बंद पडलं आणि म्हैस हिच्या दावणीला राहिली.

“चालत राहा!” साहेबांनी गल्लीकडे वळून साखर पेरली. “कुणी थांबू नका. येत-जात राहा, म्हणजे फोटो जिवंत वाटेल. सगळे येणार फोटोत!”

गल्ली बिचारी नटून आली होती. माणसांनी हातांवरची काजळी घासघासून काढली होती, धुतलेले कपडे घातले होते. एक बाई तान्ह्या पोराला कडेवर घेऊन तिसऱ्यांदा कॅमेऱ्यासमोरून गेली आणि हळूच म्हणाली, “ताई, मी येईन ना हो फोटोत? नाहीतर हे आमचं घरच नाही म्हणतील.”

फोटोवालीचं डोकं सणकलं. तीस वर्षं तिने हा कॅमेरा पुरात नेला होता, आगीत नेला होता, लाठ्या चालू असताना छातीशी धरला होता. आहे ते दाखवायला. आणि आता उतारवयात त्याच कॅमेऱ्याने असलेल्याचं नसलेलं करायचं?

“आटपा बाई,” साहेब म्हणाले. “पुढची कामंही तुम्हालाच द्यायची आहेत मला.”

“नका देऊ,” ती म्हणाली.

तिने काळी काच लेन्सपुढे बसवली, फिल्मची पेटी कॅमेऱ्यात सरकवली, तिची झाकणपट्टी ओढून काढली आणि बटण दाबून लेन्स उघडली. मग गल्लीच्या पार त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

“हलू नका!”

हे दोन शब्द फोटोवाल्याच्या तोंडून आले की माणूस विचार करत बसत नाही. शाळेच्या फोटोपासून त्याच्या अंगात ते मुरलेलं असतं. अख्खी गल्ली होती तिथे थांबली. खांद्यावर पेटी घेतलेला म्हातारा थांबला. कडेवर पोर घेतलेली थांबली.

“काय चावटपणा लावलाय हा? बंद करा ते!”

“दीड मिनिट, साहेब. तुम्हीच सांगितलंत.”

कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती. फिल्मचा नंबर सकाळीच नोंदवहीत चढला होता, ती बिघडली तर जाब साहेबांनाच द्यावा लागला असता. मग ते स्वतःच गल्लीत घुसले. “चला! फिरा! उभे काय राहिलात खांबासारखे!” हात नाचवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले, परत आले, पुन्हा पळाले. कुणी ढिम्म हललं नाही. साहेब ज्याला एवढे घाबरतात त्यात आपलं काहीतरी भलं असणार, हे एव्हाना गल्लीच्या ध्यानात आलं होतं.

फोटोवालीने नव्वद आकडे मोजले. लेन्स बंद केली, पट्टी सरकवली, सगळ्यांसमोर पेटीला लाखेचं सील लावलं. तिला फार वर्षांनी बरं वाटत होतं.

“काही बिघडत नाही,” साहेब घाम पुसत म्हणाले. “सुनावणीत बघतो तुम्हाला.”

सुनावणी आठवड्याने झाली. साहेब पाठ करून आले होते. “ही सगळी माणसं बाहेरची आहेत. ऐन वेळी घुसवली या बाईंनी. मी स्वतः गल्लीच्या मधोमध त्यांना हाकलत होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पूर्ण दीड मिनिट!”

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी फोटोवर भिंग धरलं. मसुराएवढे चेहरे, पण नाक-डोळे ओळखू येत होते. घरांच्या यादीतली नावं वाचत त्या एकेकाला समोर उभं करत गेल्या आणि फोटोशी ताडून पाहत गेल्या. सगळे जुळले. तान्ह्या पोराचं डोकं तेवढं पुसट आलं होतं. मग त्यांनी भिंग पुन्हा एकदा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

“यात तुम्ही कुठे आहात?”

साहेब वाकले. फोटोत गल्ली होती, गल्लीतली माणसं होती. साहेब कुठेच नव्हते.

“सांगून टाका ना साहेब,” फोटोवाली म्हणाली, “चालता माणूस फोटोत का येत नाही ते.”