गॅमाची जादा फेरी

"गुडघ्यात ती प्लास्टिकची चकती निर्धास्त बसवा, डॉक्टर. तिला गॅमा किरणांच्या दोन फेऱ्या दिल्यात मी," ऑपरेशन टेबलावरच्या पडद्याआडून तांबडेकाका म्हणाले. कमरेखाली बधिर होते, तोंड चालू होतं. इम्प्लांट निर्जंतुक करणाऱ्या कारखान्यात ते बावीस वर्षांपासून ऑपरेटर होते.

उघड्या गुडघ्यावर डॉक्टरांचा हात थबकला. "दोन? अहो, जंतू एकीतच मरतात! दुसरीनं प्लास्टिक आतून स्फटिकासारखं कडक होतं. चालता चालता तडकेल."

"स्वतःचा गुडघा म्हटल्यावर हात आखडता कसा घेणार?"

"सिस्टर, दुसरी चकती. लवकर!"

सिस्टरनी कपाटातलं शेवटचं पाकीट धावत आणलं.

"तिलाही दोन झाल्यात," काका संकोचून म्हणाले. "आपल्या एकट्यालाच जादा घेणं बरं दिसत नाही ना. म्हणून तुमच्या हॉस्पिटलची अख्खी पेटीच पुन्हा फिरवली."