काच वाजवू नका

"ह्यात तर काय बी न्हाय की," म्हणत शालूबाईंनी काचेवर टकटक केली.

आत निळं पाणी आणि पाच-सहा शेवाळलेले दगड. बाकीच्या टाक्यांत रंगीबेरंगी मासे फिरत होते. मत्स्यप्रदर्शनाच्या अंधाऱ्या मंडपात छतावर पाण्याच्या लाटा हलत होत्या आणि शालूबाईंना आपण झोपेतच चालतोय असं वाटत होतं. सुनेनं, संयोगितानं, त्यांना आज मुद्दाम इथं आणलं होतं. पाच वाजता घरी आजऱ्याकडच्या आश्रमाची गाडी येणार होती, पिराजींना कायमचं न्यायला. झटका आल्यापासून अकरा महिने ते खाटेवर निपचित होते. कुणाची ओळख नाही की हूं नाही. नवऱ्याला नेताना बघायला नको, म्हणून शालूबाई मासे बघत होत्या.

"काच वाजवू नगा, मावशी," टाक्या सांभाळणारा करीम म्हणाला. "त्यो मधला दगड न्हवं, मासा हाय. पाठीवर काटं हायत, लई जहरी."

शालूबाईंना हसू आलं. पिराजींच्या जिभेलाही असेच काटे होते. अख्खी गल्ली त्यांना टरकून असायची.

"जित्ता हाय व्हय ह्यो?"

"समदी हेच इचारत्यात आन् काच बडवत्यात. जितकं बडवाल तितका त्यो दगड हुतोय. गप बसून बघा."

त्या बसल्या. किती वेळ, कोण जाणे. निळा उजेड अंगावरून वाहत राहिला. मग त्या दगडाची एक कड हळूच फुगली आणि खाली बसली. तो श्वास घेत होता. शालूबाई ताडकन उठल्या.

"संयोगिता, घरी चल. आत्ताच्या आत्ता."

"आत्या, गाडी आली असंल..."

"म्हणूनच चल."

गाडी दारात उभी होती. आत टीव्ही चालू होता आणि खाटेभोवती सगळे नेहमीसारखेच पिराजींच्या कानात ओरडत होते. मुलगा विजयसिंह तर खांदा धरून हलवत होता. "आबा, ऐकू येतंय का? आबा!"

"गप बसा समदी," शालूबाई म्हणाल्या. "त्यो टीव्ही बंद करा. खाली बसा."

सगळे बसले. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा उंबऱ्यावर टेकला. मागं गोठ्यात म्हशीची साखळी वाजली आणि थांबली. शालूबाई नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

बऱ्याच वेळानं पिराजींचे ओठ थरथरले.

"अकरा म्हैनं..." ते पुटपुटले, "नुस्ता कालवा लावलाय."