फाटकापर्यंत

कर्नलसाहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या मुलीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पाणीपुरवठा ऑफिसच्या सभागृहात तिच्या आईची शोकसभा चालू होती. आईनं याच ऑफिसात सारी नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं तर मुख्य अधिकारी म्हणून. नवऱ्याच्या बदल्या होत राहिल्या आणि ती मुलीला घेऊन इथंच राहिली. हे सगळं बाजूला ठेवून वडील आपल्या तिसऱ्या बढतीपर्यंत येऊन पोचले होते. शोकसभा बाईंची आणि सत्कार साहेबांचा, असा एकूण प्रकार.

"आणि मग तो दुष्काळ," कर्नलसाहेब म्हणाले. "तेव्हा माझी बदली इथंच झाली होती, मी लष्करी छावणीचा प्रमुख होतो. आमचं घरही छावणीतच होतं. छावणीलाही एक दिवसाआड पाणी मिळणार असं हिच्या ऑफिसानं ठरवलं. माझे जवान चिडले, व्हॉल्व्ह उघडायला गाडी घेऊन निघाले. पण मी स्वतः जाऊन गाडी परत फिरवली. म्हटलं, नागरी कामात लष्करानं ढवळाढवळ करायची नाही."

चाळीस वर्षं सांगून सांगून ही गोष्ट गुळगुळीत झाली होती. एकदोघांचे हात टाळ्यांसाठी वर आले, पण शोकसभा आहे हे त्यांना वेळेवर आठवलं.

"साहेब, जरा चुकतंय."

मागच्या रांगेत एक म्हातारा उभा होता. हा ऑफिसातला जुना चावीवाला. गल्लोगल्ली फिरून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. हल्लीचे अधिकारी पहिल्या रांगेतून वळले. "मामा, बसा. तुमचा नंबर नंतर."

"माझा नंबर कायम नंतरच असतो, साहेब."

"बोलू द्या त्यांना," मुलगी म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला.

चावीवाला कर्नलसाहेबांकडे बघून बोलू लागला. "गाडी परत फिरली ती बाईसाहेबांमुळे. त्या व्हॉल्व्हच्या झाकणावर बसल्या होत्या. रणरणत्या उन्हात, मांडीवर फायली घेऊन. सह्या करत होत्या. जवान म्हणाले, उठा. त्या म्हणाल्या, गावातल्या बायका एक दिवसाआड पाणी भरतात, मीही भरते, तुम्हाला काय सोनं लागलंय? मग तुमची जीप आली. तुम्ही दोघं हळू बोललात. काय ते देव जाणे. तुम्ही गाडी घेऊन गेलात आणि बाईसाहेब मला म्हणाल्या, पंपघराची किल्ली दे."

"पंपघराची?" मुलीनं विचारलं.

"तिथंच झोपल्या, ताई. अकरा दिवस. माझी बायको चादर आणि डबा द्यायची. बाराव्या दिवशी पाऊस पडला आणि साहेबांची गाडी त्यांना न्यायला आली. आम्ही कधी विचारलं नाही. मोठ्यांच्या घरातलं आपण कसं विचारायचं?"

तो खाली बसला. आपण मोठं काही सांगितलंय असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. हल्लीच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव शोधायला कागद चाळले, पण पुकारायचं धाडस काही त्यांना होईना.

मुलगी उभी राहिली.

"बाबा, त्या वर्षी आई मला टाकून माहेरी गेली होती. तुम्हीच सांगितलं होतंत."

तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई न सांगता निघून गेली, ही गोष्ट तिनं आईला कधी माफ केली नाही. शेवटच्या आजारपणात तिनं वेळच्या वेळी औषधं दिली, अंथरूण बदललं, सगळं केलं. आईचा हात तेवढा हातात घेतला नाही. आईनंही तो कधी पुढे केला नाही.

कर्नलसाहेब अजून माईकपाशीच होते. त्यांनी तो बंद करायला बटण चाचपलं, ते सापडेना, तेव्हा नाद सोडला.

"मी तिला म्हणालो, इथून उठली नाहीस तर घरी येऊ नकोस," ते म्हणाले. "चार जवानांसमोर बायकोनं अडवलं होतं मला. वाटलं, घाबरून उठेल. ती म्हणाली, बरं."

"मग आईनं मला का नाही सांगितलं? एवढ्या वर्षांत?"

"मी तुझ्या मनातून उतरू नये म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मीही त्याचसाठी."

मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. चाळीस वर्षांचा राग एका क्षणात कुठं नेऊन ठेवायचा, हे मुलीला कळत नव्हतं. ती शेवटच्या आधाराला धरावं तशी त्याला धरून राहिली.

"तरी पण, बघायला यायचं होतं तिनं. पंपघर काय परदेशात होतं? अकरा दिवसांत एकदा तरी यायचं की नाही?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. माईकमधून त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"रोज यायची," ते म्हणाले. "ऑफिस सुटलं की छावणीच्या फाटकापर्यंत यायची. पहारेकरी तिला सॅल्यूट करायचा आणि परत पाठवायचा. हुकूम माझा होता."