ताईची वही

“आता मोठे काका,” ताईने वहीचं पान उलटलं. “साखर आटोक्यात आहे, जीभ नाही. गोड खाल्लं का, हे त्यांना विचारायचं नाही, काकूंना विचारायचं. फोन दर मंगळवारी.”

पाहुणा हसला. तो ताईचा धाकटा भाऊ, पण घरात त्याला सगळे पाहुणाच म्हणत. तो टूर मॅनेजर होता. पंचवीस-तीस जणांची मोट बांधायची आणि त्यांना देशोदेशी हिंडवून आणायचं, हा त्याचा धंदा. घरी यायचा वर्षातून चार दिवस. येताना चॉकलेटं आणायचा, जाताना धुतलेले कपडे न्यायचा.

ताई नर्स होती. पाळी बदलताना सिस्टर खाटेखाटेने माहिती देतात, तशीच ती नात्यागोत्याची खबरबात देत होती. मावसबहिणीला मुलगी झाली, रात्रभर रडते, दुपारी फोन करायचा नाही. आतेभाऊ रुसलाय, काही ठरलं की आधी त्याला सांगायचं. मग बाबांची पाळी आली. “यंदा थंडी हटता हटेना. दम्याने दोनदा दवाखाना दाखवला. आता आठवडाभर ऊन पडतंय, खिडकी दोन तास उघडायची. दोन वाजता वाफ. पंप दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून.” तिने पंप त्याच्या हातात दिला आणि त्यालाच करून दाखवायला लावलं. त्याने नीट केलं, तेव्हा कुठे तिने मान डोलावली.

त्याचा ऊर भरून आला. काय बाई आहे ही! दिवसभर वॉर्ड, घरी आल्यावर हे सगळं. आई गेल्यापासून पाच वर्षं तिने गावाची वेस ओलांडली नव्हती. समुद्र तर जन्मात पाहिला नव्हता. आणि तो दरवर्षी शेकडो परक्या माणसांना समुद्र दाखवत होता. त्याची त्यालाच लाज वाटली. पण ‘राहा’ असं ती कधी म्हणालीच नाही. म्हणाली असती, तर त्याच्याकडे सबबी तयारच होत्या.

“आता तू सांग,” ती म्हणाली.

तो रंगात आला. बेटं, बाजार, टेकडीवरचा जुना किल्ला. ताईचे प्रश्न मात्र भलतेच. बोटीवर पोट ढवळतं का? संध्याकाळी स्वेटर लागतो? किल्ल्याला पायऱ्या किती, बूट कुठले बरे? बिचारी, बसल्या जागी फिरून घेतेय, असं त्याला वाटलं. मग त्याने चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं.

“पुढची टूर कधी?”

“दोन महिन्यांनी. पण मी चार दिवसांनी मित्राकडे...”

“दोन महिने. पुष्कळ झाले.” तिने वही त्याच्यापुढे सरकवली. “खाली सही कर.”

“कसली सही?”

“चार्ज घेताना करतात ती.” तिने दारामागून बॅग ओढली. चाकांची, नवी कोरी. “मी एकवीस दिवसांनी येते. समुद्रावर चाललेय. बाबांची छाती मोकळी व्हायची वाट बघत होते, तर मेली थंडीच जाईना.”

“अगं, पण...” इतकी वर्षं जपलेल्या सबबींपैकी एकही त्याला वेळेवर आठवेना. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. ते चक्क हसत होते. “सही कर रे! टॅक्सी खाली उभी आहे. मीच बोलावलीय!”

त्याने सही केली. बॅगही त्यानेच खाली नेली. “पासपोर्ट? गोळ्या? पाण्याची बाटली?” त्याने सवयीने विचारलं. ताईने पर्स उघडून दाखवली. सगळं जागच्या जागी होतं. वीस वर्षांत इतक्या तयारीची प्रवासी त्याला मिळाली नव्हती. टॅक्सी वळेपर्यंत तो हात हलवत राहिला. असं मागे राहून हात हलवायची त्याची ही पहिलीच वेळ.

वर येऊन त्याने वाफेची वेळ बघायला वही उघडली. काका, मावसबहीण, आतेभाऊ, बाबा. सगळ्यांच्या खाली, त्याच ठसठशीत अक्षरात, आणखी एक नोंद होती :

‘धाकटा – तब्येत उत्तम. हात कामाचे. आजपासून पाहुणा म्हणू नये.’