भिजत घातलेला दगड

धार लावायच्या दगडाचे तीन थर झाले होते. लक्ष्मीकांतांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तिन्ही थर एकाशेजारी एक ठेवले आणि जवळचा चष्मा लावला.

"माझ्या हातून पडला," निरुपमा म्हणाल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. सून सानवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दगड जपानी होता, खाणीतून काढलेला. मकरपुऱ्याच्या कारखान्याने लक्ष्मीकांतांना तीन महिने जपानला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं, तेव्हा त्यांनी तो आणला होता. धार दुसऱ्या दगडांवर लावायची आणि शेवटचा हात याच्यावर फिरवायचा, अशी त्यांची पद्धत. ज्या खाणीतला तो होता ती कधीच बंद झाली होती.

"पडलेला दगड आडवा फुटतो," ते म्हणाले. "कोपरा उडतो. याचे पापुद्रे सुटलेत. खारी बिस्किटासारखे."

"मग खारीसारखा पडला असेल."

"निरुपमा."

सानवी पुढे आली. "बाबा, मी भिजत घातला होता. सकाळी, तुम्ही फिरायला गेलात तेव्हा."

"किती वाजता?"

"सात."

"काढलास कधी?"

"एकला. मग गॅलरीत वाळत ठेवला."

"उन्हात?"

"हो."

लक्ष्मीकांत निवृत्त होईपर्यंत टूलरूममध्ये तपासनीस होते. बाद झालेल्या मालाबद्दल ते याच क्रमाने विचारत. "का?"

"तो करडा दगड तुम्ही रोज अर्धा तास बादलीत ठेवता, मी बघते ना. आज विक्रमसिंहभाईंची सुरी द्यायचीय. म्हटलं, तुमचा वेळ वाचेल. आणि जितका जास्त भिजेल तितका..."

"हरभऱ्याची डाळ आहे का ती!" निरुपमा म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. लक्ष्मीकांतांनी एक थर उचलून उजेडात धरला.

"करडा कारखान्यात बनतो. त्याला बारीक भोकं असतात, तो पाणी पितो. हा डोंगरातला. थरावर थर बसलेला. याला वरून चार थेंब, बास. आत पाणी शिरलं की थर सुटतात." त्यांनी थर खाली ठेवला. "हे मी तुला सांगितलं होतं कधी?"

"नाही."

"अमोघला?"

"तुमचा मुलगा सुरी उलटी धरतो," निरुपमा म्हणाल्या. "त्याला काय सांगणार होतात?" त्यांनी दाणे एका ताटात आणि सालं पिशवीत भरली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

फोन वाजला. विक्रमसिंह अलकापुरीतल्या एका हॉटेलात मुख्य आचारी होता. "काका, पांच वागे आवुं ने?"

"आव," लक्ष्मीकांत म्हणाले. घड्याळात साडेतीन वाजले होते; तो पाचला येणार होता. सुरीला धार लागली होती, पातं अजून धुरकट होतं.

त्यांनी पक्कड आणली. सगळ्यात पातळ थर तिच्यात धरून कट्‌कन मोडला. सानवी दचकली. त्यांनी आणखी मोडला, नखाएवढे सात-आठ तुकडे होईपर्यंत.

"जपानात तलवारीला शेवटचा हात असाच देतात. दगडावर पातं नाही फिरवायचं, पात्यावर दगड."

ओल्या फडक्यावर त्यांनी सुरी आडवी ठेवली. पाण्याचा थेंब, त्यावर तुकडा, तुकड्यावर उजवा अंगठा. अंगठा सावकाश पुढे-मागे जाऊ लागला. राखाडी गाळ सुटला.

"बाबा, थांबा."

ते थांबले नाहीत. "आत्ताच तर सुरू केलंय."

"बाबा, ओरखडा."

त्यांनी गाळ पुसला. पात्यावर केसाएवढी रेघ उमटली होती, जिथून अंगठा निघाला होता तिथपासून जिथे थांबला तिथपर्यंत. त्यांनी सुरी तिरकी करून ती दोनदा पाहिली.

"दगडात एखादा कडक कण असतो कधीकधी," ते म्हणाले. "डोळ्याला दिसायच्या आधी तो अंगठ्याला टोचतो."

सानवीने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डायबेटीस. आधी पावलं बधिर झाली, मग बोटं."

"मग या दोन वर्षांतल्या सगळ्या सुऱ्या?"

"अंदाजाने." ज्या माणसाने केसाच्या दहाव्या भागासाठी अख्खा लॉट परत पाठवला होता, त्याने हा शब्द फार हळू उच्चारला.

"आईंना माहितीय?"

त्यांनी मान हलवली. नाही. आत कपबशा वाजत होत्या.

"रेघ जाईल का?"

"जाईल. तुकडा चांगला हवा."

सानवीने खुर्ची ओढली आणि सुरी आपल्यासमोर घेतली. त्यांनी दिलेला दुसरा तुकडा तिने अंगठ्याखाली फिरवून पाहिला. "इथे टोचतंय." त्यांनी तो बाजूला टाकला. तिसराही टाकला. चौथा तिने बराच वेळ फिरवला. "हा मऊ आहे."

"दाबू नकोस. अंगठ्याचं वजन पुरे. रेघेच्या वरून ये."

ती रेघेच्या वरून आली. पहिल्यांदा हात जड पडला, मग हलका झाला.

निरुपमा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "हे काय? तुम्ही बसलाय आणि काम ती करतेय?"

सानवीने वर पाहिलं नाही. "मीच मागितली. बाबा शिकवतायत."

"एवढा दगड फोडल्यावर?" निरुपमांनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे, आणि शिकवतायत?"

लक्ष्मीकांतांनी पुढचा तुकडा उचलला आणि सानवीच्या अंगठ्याशेजारी ठेवला.

"हो," ते म्हणाले.