बिनगाठीचे टाके

आज दोरा सुटेना.

लेकीनं पुन्हा ओढून पाहिला. एरवी कसं, उलट्या बाजूला लोंबणारं दोऱ्याचं शेपूट चिमटीत धरून ओढलं की टाक्यांची सगळी ओळ सरसर हातात यायची. आई हल्ली गाठ मारायचीच विसरत असे. ना सुरुवातीला, ना शेवटी. नजर अधू झालीच होती, आता आठवणही चालली, असं वाटून लेकीला दरवेळी गलबलून यायचं. आणि उसवायला सोपं जातं म्हणून दरवेळी बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटे.

दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीत आई झोपलेली. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दाराकडे पाठ करून बसली होती, चोरासारखी. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःची मुलगी महिन्याभरात बाळंत होणार, आणि आईच्या धाकानं जीव मुठीत! मांडीवर त्या येणाऱ्या बाळासाठीचं दुपटं होतं, जुन्या मऊ चादरीचं. आईनं सकाळी तीन बाजूंचा काठ घालून ठेवला होता. चौथी बाजू अजून तशीच होती.

आई ज्यांच्या दुकानासाठी उशीचे अभ्रे शिवून द्यायची, त्या बाईंनी सहा महिन्यांपूर्वी दोन अभ्रे परत पाठवले होते. आईचे टाके कुठे बोटभर लांब, कुठे एकावर एक चढलेले. लेकीनं ते आईला सांगितलंच नाही. सांगणार कसं? शिलाई मशीनची सुई बोटात गेली त्या दिवशी आईनं मशीनवर कापड टाकलं, ते आजतागायत काढलेलं नाही. तिचं सगळं असंच, एक घाव दोन तुकडे. हातातली सुईही तिनं अशीच खाली ठेवली, तर म्हातारीनं दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं? तेव्हापासून आईचा डोळा लागला की लेक तिचे टाके उसवायची आणि त्या जागी आपले घालून ठेवायची. आई उठायची, काठावरून बोट फिरवायची, काही बोलायची नाही. मग दोघी चहा पीत पुढच्या अभ्र्याचं कापड निवडायच्या. सुखात चाललं होतं.

आणि आज हा दोरा. लेकीनं चष्मा पुसला, दुपटं उजेडात धरलं. गाठ होती. एक नाही, एकावर एक तीन, चांगली मिरीएवढी. दुसऱ्या टोकालाही तशीच. तिनं डब्यात कात्री शोधली. सापडेना.

"तिथं नाही ती. माझ्या उशीखाली आहे," आई दारातून म्हणाली.

लेकीच्या हातून डबा पडता पडता राहिला. काठ जरा सैल वाटला म्हणून, असं काहीतरी ती पुटपुटली. आई भिंतीला हात लावत लावत आली आणि समोर खुर्चीवर बसली. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण बाकीच्यांचे डोळे उघडे असतात, म्हणाली. आणि बाकीच्यांचे डोळे गेलेले असले, तरी बोटं असतात.

"तू डावखुरी. तुझे टाके उलट्या बाजूला कलतात. मला पहिल्याच दिवशी कळलं."

लेकीला रडूच कोसळलं. कळत होतं तर सहा महिने गप्प का बसलीस, असं तिनं विचारलं. आईला आधी रागच आला होता. सुई फेकूनच देणार होती ती. मग एका दुपारी उठून दारापर्यंत आली, तर लेक कापड अगदी नाकाशी धरून गाठ उसवत होती आणि स्स करत टोचलेलं बोट चोखत होती.

"म्हटलं, हिचेही डोळे आता तरुण राहिले नाहीत," आई म्हणाली. "मग गाठ मारायचं सोडलं. चार बोटं दोरा बाहेर ठेवायला लागले. तुला धरायला बरा."

इतके महिने लेक ज्याला विसराळूपणा समजून मनातल्या मनात रडत होती, ते हे होतं.

दुकानाच्या अभ्र्यांचं आहे तसंच चालू दे, आई पुढे म्हणाली, तू आपली उसवत जा. फक्त मी झोपायची वाट बघत बसू नकोस. दुपारची झोप तिला हल्ली येतच नव्हती. लेकीला उसवायला वेळ मिळावा म्हणून ती नुसती पडून राहायची, आणि त्यानं पाठ धरायची.

"मग आज गाठी का मारल्यास?"

आईनं दुपटं ओढून मांडीवर घेतलं, काठावरचे आपले वाकडे टाके बोटांनी चाचपले.

"हे काही दुकानात जायचं नाही," ती म्हणाली. "हे माझं असू दे."

लेकीनं डोळे पुसले, सुईत दोरा ओवून आईपुढे धरला. आईनं मान हलवली. चौथी बाजू तू घाल, म्हणाली, तुझ्या त्या उलट्या हातानं. लेक घालायला लागली. आई काठ ताणून धरून समोर बसली, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं दोरा चार बोटं उरला. आईनं तो चिमटीत धरून पाहिला.

"गाठ मार," ती म्हणाली. "तीन."